अकरा घरांचं लोणी

२३ ऑक्टोबर, गुरुवार, भाऊबीज

वन्सं काल संध्याकाळी आल्या आणि आज दुपारच्या गाडीने विरारला परत गेल्या. भाऊ राहिला नाही तर भाऊबीज कसली, पण बापाला बघायला म्हणून आल्या. आल्या आल्या त्यांनी आप्पांचं मनगट आपल्या दोन बोटांत धरून बघितलं. बोटं जुळली आणि वर जागा उरली. मग माझ्याकडे बघितलं.

सकाळी आम्ही आप्पांना धक्क्यावर हौसामावशीच्या काट्यावर नेलं. मावशी शेजारीण, मासळी घेते आणि विकते. तिचा विजेचा काटा माणूस उभा राहील एवढा मोठा आहे. आप्पा चढेनात. म्हणाले, "आधी सुनेला चढव. काटा खोटा बोलतो काय, ते तरी कळंल." मी चढले. एकोणचाळीस किलो. लग्न झाल्यापासून माझं वजन पन्नासच्या खाली कधी गेलं नाही, म्हणजे काटा कमी दाखवतो. मावशीला तसं म्हटलं तर ती फणकारली. "माझा काटा शिक्क्याचा हाय. शंभर गिऱ्हाईकं बघून जातात."

आप्पांचं एकेचाळीस किलो आठशे ग्रॅम आलं. आषाढात हे गेले तेव्हा आप्पा अठ्ठेचाळीस होते.

वन्सं तिथेच धक्क्यावर म्हणाल्या, "वहिनी, मी देवदिवाळीला येते. डॉक्टर म्हणाला होता चव्वेचाळीसच्या खाली जायला नको. तेवढा भरला तर राहू दे इथे. नाही भरला तर मी घेऊन जाते. तिथे निदान माझ्या डोळ्यासमोर राहील."

आप्पा म्हणाले, "मला जोखून विकतेस काय गो?"

"विकायला कोण घेणार तुला," वन्सं म्हणाल्या आणि तोंड फिरवून समुद्राकडे बघत राहिल्या.

त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. बाप त्यांचा आहे. पण आम्हाला मूल नाही. आप्पा गेले तर या घरात मी एकटी. हे कोणाला बोलून दाखवणार नाही म्हणून इथे लिहिते.

ही डायरी ह्यांना मच्छीमार सोसायटीने जानेवारीत दिली होती. कोरीच होती.

२५ ऑक्टोबर

ओट्यावर अकरा डबे आहेत. घरातलं माणूस गेलं की पहिल्या दिवाळीला कढई चढत नाही. शेजारी आणि भावकी फराळ आणून देतात, आणि दुखवट्याच्या घराने डब्यात काही घालून परत करायचं नसतं. एरवी मी रिकामा डबा कोणाच्या दारात कधी नेला नाही, चिमूटभर साखर तरी घालायची. त्यामुळे हे डबे परत नेववत नाहीत. फराळ भरून तसेच बसले आहेत.

ह्यांना चिवड्यातले काजू आणि दाणे वेचून खायची सवय. मी ओरडायची, की मग आम्ही नुसते पोहे खायचे काय. आता अकरा डब्यांत काजू जसेच्या तसे आहेत.

आप्पांना यातलं काही चावत नाही. वरचे दोन दात आहेत, खालचा एक. कवळी केली होती, ती गौरीच्या सुमारास कुठे ठेवली ते आठवत नाही म्हणतात. आज दुपारी मऊ भात आणि डाळ वाढली. त्यांनी विचारलं, "तू जेवलीस?" मी म्हटलं, "मी मागाहून." दोन घास खाऊन त्यांनी ताट सारलं. रोजचं तेच. मी दातांचा विचार करत बसले, मग माझा चहा गार झाला, तोच प्यायले. भूक नव्हती.

शहरातल्या वाचनालयातून म्हाताऱ्या माणसांच्या आहारावरचं एक पुस्तक आणलं होतं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय राहवत नाही. त्यात आहे की दाणे, काजू, बदाम मिक्सरमध्ये इतके वाटायचे की त्यांचंच तेल सुटून लोणी होतं. दात नसलेल्यांचं वजन वाढवायला दिवसातून दोन-तीन चमचे द्यावं. काढून टाकण्याजोगं काही नसतं, म्हणून सालीसकट वाटावं, सालीत सत्त्व असतं, असंही लिहिलंय.

दाणे विकत आणायची गरजच नाही. डब्यांतून वेचायचे.

२६ ऑक्टोबर

सकाळपासून सुपात चिवडा पसरून वेचत बसले. तांदूळ निवडायची सवय असल्यामुळे हात आपोआप चालतात. प्रत्येक घराचे दाणे आधी हुंगले. दोन घरांनी जुन्या तेलात तळलेत, खवट वास येतो, ते बाजूला ठेवले. कोणाचे ते लिहीत नाही. बाकीच्यांची हळद आणि तिखट फडक्याने चोळून पुसलं, मग लोखंडी तव्यावर मंद भाजले. शेंगदाण्याचे लाडूही फोडून घालावेत असं मनात आलं, पण गुळाने मिक्सर चिकटेल म्हणून थांबले.

मिक्सर फिरवला तर कूट झालं. अजून फिरवला तर कुटाचे गोळे होऊन पात्याला चिकटले. घाई झाली म्हणून चमचाभर पाणी घातलं आणि सगळं आवळून दगडासारखं बसलं. हौसामावशी तेवढ्यात आली. भांड्यात बघून म्हणाली, "गिलावा हाय काय? माझी मागची भिंत फुटलीय, दे थोडा."

वाटीभर दाणे फुकट गेले. वर्षाच्या दिवाळीचे दाणे लोकांनी आपल्या पोरांच्या तोंडातले काढून दिले होते.

२७ ऑक्टोबर

पाणी घालायचं नाही. थांबायचं, मिक्सर तापला की बंद करायचा, कडा खरवडून खाली घ्यायच्या, परत फिरवायचं. गोळे होतात तिथे मी काल हार मानली होती. आज तिथून पुढे गेले. पाच-सात वेळा खरवडल्यावर गोळा एकदम ढिला पडला, चकाकला आणि पात्याभोवती गरगर फिरायला लागला. वितळलेल्या तुपाहून थोडं घट्ट. भांडं गरम, वास सगळ्या घरभर.

आप्पा ओसरीवरून म्हणाले, "काय शिजवतेस?"

"लोणी."

"म्हशीवाचून?"

वाटीत काढून दिलं. त्यांनी बोट बुडवलं, चाटलं, थोडा वेळ जीभ टाळूवर फिरवत बसले. "बरं हाय," म्हणाले. मग वाटी माझ्याकडे सरकवली. "घे."

मी म्हटलं, हे तुमच्यासाठी आहे, वजनासाठी.

त्यांनी वाटी तिथेच ठेवली. आणखी दोन बोटं खाल्ली आणि उठले. आवडलं असूनही का थांबले, कळत नाही. जड पडत असेल.

१ नोव्हेंबर

आप्पा बेचाळीस तीनशे. पाचशे ग्रॅम वाढले. आप्पांनी मला आधी चढायला लावलंच, तसं केल्याशिवाय ते पाऊल उचलत नाहीत. माझं अडतीस सहाशे आलं. मी मावशीला परत सांगितलं की काटा दाखवून आण. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बाय, काटा मी दाखवीन. तू स्वतःला दाखव."

ती अशीच बोलते.

लोणी वाढलं पाहिजे. नवव्या डब्यातले दाणे चालू आहेत. आप्पा दिवसाला दोन चमचे खातात, तेही मी शेजारी बसले तरच. उठून कामाला लागले की चमचा वाटीत तसाच राहतो. मला एवढा वेळ कुठे आहे.

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

डबे संपले. खवट दोन सोडून सगळे. आता एवढंच लोणी आहे की तीन दिवस पुरेल.

वन्संचा फोन आला. "किती भरला?" मी शेवटचा आकडा सांगितला. "अजून पावणेदोन किलो हवं," म्हणाल्या. "मी दोन तिकिटं काढून ठेवते. परतीची. नंतर मिळत नाहीत." मी बरं म्हटलं. फोन पदराला पुसून ठेवला.

आप्पांनी विचारलं, "कोण होतं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "त्या विरारला लिफ्टचं बटण आत गेल्यावर दाबायचं की बाहेर, ते मला आजून कळलेलं नाय. गेल्या वेळी दोनदा वर जाऊन खाली आलो." हसले. मी हसले नाही, मला हसू येईना.

८ नोव्हेंबर

मागच्या खोलीत काजूच्या बियांचं पोतं आहे. सड्याच्या माळावरच्या आमच्या पाच झाडांचं, यंदाच्या वैशाखातलं. ह्यांनी वाळवून भरून ठेवलं होतं. पोत्याचं तोंड ह्यांच्याच गाठीने बांधलेलं आहे. जाळ्याची गाठ, मला सोडवता येत नाही. आज बराच वेळ गाठ बघत बसले आणि मग विळीने दोरी कापली.

बी भाजण्याचं काम दरवर्षी ह्यांचं. परसात तीन दगडांवर भोकाचा पत्रा, खाली नारळाच्या सोडणांचा जाळ. बीचं तेल पेटतं, धूर डोळ्यांत जातो, म्हणून मला जवळ येऊ देत नसत. मी घरातून बघायची. पार काळी होईस्तोवर भाजायचे, मग राखेत लोळवायचे, मग फोडायचे. एवढं मला माहीत आहे. उद्या करते.

९ नोव्हेंबर, रविवार

बिया भाजल्या. हाताला खोबरेल चोळून बसले होते. पत्र्यावर जाळ एकदम वर आला तेव्हा मागे सरले, पण निभावलं. पार काळं केलं तर लोणी करपट लागेल आणि काळपट दिसेल, म्हणून ह्यांच्यापेक्षा थोडं आधी उतरवलं. राखेत घोळवलं आणि लाकडी ठोकळ्याने फोडलं. शंभर-दीडशे गर निघाले, मोठे, पांढरे. आतली लाल साल ठेवली, पुस्तकात सालीत सत्त्व म्हटलंय.

लोणी दाण्यांपेक्षा लवकर झालं. मऊ, फिकट तांबूस. पहिल्यांदाच हे आमच्या घरचं. दुपारी आप्पांना बशीत मोठे तीन चमचे दिले आणि सांगितलं, ह्यांच्या हातच्या बिया आहेत. आप्पांनी एक कणही न ठेवता बशी पुसून खाल्ली. चव घ्यायलाही थांबले नाहीत.

मी समाधानाने भांडी घासली.

१० नोव्हेंबर

सकाळी आप्पांचे ओठ सुजलेले. वर फोड. जीभ लाल, तोंडाच्या कडेने उतून साल निघालेली. बोलता येईना. हातानेच पाणी मागितलं आणि पाणी लागताच डोळे मिटून घेतले.

हौसामावशीला हाक मारली. तिने एकदा तोंडात बघितलं आणि माझ्याकडे वळली. "बीचा चीक. कशी भाजलीस?" मी सांगितलं. "साल काढलीस?" मी म्हटलं, नाही, पुस्तकात... तिने पुढे ऐकलंच नाही. "अगो, पुस्तक दुकानातल्या काजूसाठी. ते भाजून, सोलून, धुऊन येतात. आपल्या घरच्या बीचा चीक लाल सालीत मुरतो. पोरांना पण कळतं."

मला कळलं नाही. एवढी वर्षं घरातून बघत होते.

मग ती म्हणाली, "तुझं तोंड कसं नाय उतलं?"

"मी कुठे खाल्लं."

"चाखलंस पण नाय?"

"ते त्यांच्यासाठी होतं."

आप्पा डोळे उघडून आमच्याकडे बघत होते.

रिक्षा करून शहरात डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घशात दिवा टाकून बघितलं. घसा ठीक आहे म्हणाले, पण श्वास लागला तर क्षणभर थांबू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. मलम दिलं. चार-पाच दिवस फक्त गार आणि पातळ.

दिवसभर त्यांच्या छातीकडे बघत बसले आहे. वर जाते, खाली येते. लिहायला म्हणून मान खाली घातली तरी भीती वाटते.

११ नोव्हेंबर

ताक दोन वाट्या. शहाळ्याचं पाणी एक. श्वास बरा.

१३ नोव्हेंबर

फोड बसतायत. पेजेची निवळ घेतली. आज बोलले. पहिलं वाक्य हे: "सगुणाला सांगू नको."

मी म्हटलं, "वन्संना कळलं पाहिजे."

"कशाला? बरा झालो की. आठ दिवसांवर देवदिवाळी. तिला आकडा दाखवायचा, संपलं."

मला तेच हवं आहे, म्हणून मला तेच बरोबर वाटतंय का, हे समजत नाही. सांगितलं नाही तर आप्पा इथे राहतील असा थोडा तरी चान्स आहे. सांगितलं तर वन्सं उद्याच येतील आणि त्यांचं काही चुकणार नाही. मी त्यांच्या बापाला पुस्तक वाचून जाळलं.

१४ नोव्हेंबर

आप्पा चाळीस नऊशे. चव्वेचाळीसला तीन किलो कमी. माझं अडतीस चारशे. मावशीने आकडे बघून काट्यावर फडकं टाकलं.

१५ नोव्हेंबर

फोन केला. सकाळी केला, म्हणजे दिवसभर पुढे ढकलता येणार नाही. सगळं सांगितलं, साल, पुस्तक, तीन चमचे.

वन्सं म्हणाल्या, "दादा असता तर हे झालं असतं?"

"नाही."

"बी कधी हातात घेतली होतीस का आयुष्यात?"

"नाही."

फोनमध्ये त्यांच्याकडच्या कुकरची शिटी ऐकू आली. मग म्हणाल्या, "आज पाच दिवसांनी सांगतेयस."

"हो. आप्पा नको म्हणाले. पण पाच दिवस मीच थांबले."

"मी तिकीट बदलून उद्या येऊ शकते, वहिनी."

मी म्हटलं, या.

परत शिटी झाली. "शुक्रवारी येते," म्हणाल्या. "ठरल्याप्रमाणे. माझी दोन तिकिटं आहेत." आणि ठेवला.

आप्पा ओसरीवर होते, ऐकलं असणार. रागावतील असं वाटलं. म्हणाले, "बरं केलंस," आणि काठी घेऊन परसात गेले.

१६ नोव्हेंबर

आप्पांना आता माझा भरवसा राहिला नाही. त्यांना दोष देत नाही.

आज बाजारातून पावशेर शेंगदाणे आणले, साधे, भाजून सोलून लोणी केलं. वाटी पुढे ठेवली तर आप्पा म्हणाले, "आधी तू."

"हे दाण्याचं आहे, यात चीक कसला."

"मला काय ठाऊक? गेल्या वेळी पण तू चांगलंच म्हणत होतीस. आधी तू खा. अर्धा तास बघू. तू धड राहिलीस तर मी."

बोटभर चाटलं. आप्पा म्हणाले, "एवढ्याने काय कळणार? मी चमचा खातो. तू चमचा खा." एक चमचा खाल्ला. अर्धा तास ते घड्याळ बघत समोर बसले. मग खाल्लं.

गोडसर लागलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी खाल्ल्यासारखं वाटलं.

१७ नोव्हेंबर

संशय वाढत चालला आहे. आज म्हणाले, "मी हे भाकरीला लावून खाणार. भाकरीबरोबर काय होतं ते बघायला पाहिजे." म्हणजे मी आधी अर्धी भाकरी खायची. दुपारी भाताबरोबर काय होतं ते बघायचं म्हणाले. त्यांना म्हटलं, लोणी भातात कोण कालवतं. "मी कालवणार," म्हणाले. म्हणून माझं ताट आधी. ते समोर बसून मोजत असतात. मी चार घासांवर थांबले तर म्हणतात, "चार घासांनी विष चढत नाय. पुरतं जेव."

म्हातारपणी माणूस असा होतो. ह्यांचे आजोबाही शेवटी कोणाच्या हातचं पाणी घेत नसत म्हणतात. वन्संना हे सांगायला हवं, तिकडे गेल्यावर त्यांनाही असंच करावं लागेल.

पण माझ्यानंतर ते जेवतात. आज पूर्ण ताट.

१९ नोव्हेंबर

आप्पा बेचाळीस सातशे. माझं एकोणचाळीस आठशे, म्हणजे मावशीने काटा दुरुस्त करून घेतला असावा. विचारलं तर म्हणाली, "हो बाय, केला." आप्पा हसले. दोघं मिळून कशाला हसत होते कोण जाणे.

दोन दिवसांत एक किलो तीनशे ग्रॅम होणार नाही. मी हिशोब बदलून बघितला, चपला घालून जोखलं तर, जाड सदरा घातला तर. असा विचार मनात आला हेही लिहून ठेवते. करणार नाही.

आप्पांचे तीन सदरे आणि दोन धोतरं धुऊन इस्त्री केली. पिशवी भरली नाही, पण कपडे पिशवीजवळ ठेवले. त्यांनी बघितलं. तेवढंच.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार, देवदिवाळी

वन्सं सकाळच्या गाडीने आल्या. परतीची गाडी संध्याकाळची. आल्या, आप्पांचं तोंड उघडून आतून बघितलं, जसं घोड्याचं बघतात. "जखमा भरल्यात," म्हणाल्या. मी पाण्याचा तांब्या पुढे करताकरताच सांगून टाकलं, "बेचाळीस सातशे आहेत. चव्वेचाळीस नाही." त्या म्हणाल्या, "जेवून जोखू."

भात, कुळथाची पिठी, भाकरी, वाटीत लोणी. आप्पांना आणि वन्संना पानं वाढली. आप्पा पानावर हात ठेवून बसले.

वन्सं म्हणाल्या, "सुरू कर ना आप्पा."

"हिचं ताट."

"वहिनी जेवेल मागाहून."

"मागाहून ती जेवत नाय," आप्पा म्हणाले.

मला लाज वाटली, पाहुण्या माणसासमोर काय हे. मी म्हटलं, "वन्सं, त्या दिवसापासून त्यांच्या मनात भीती बसलीय. मी आधी खाऊन दाखवल्याशिवाय ते खात नाहीत. मी खाते, तोवर तुम्ही थांबा." आणि माझं ताट घेऊन बसले. भाकरीला लोणी लावून खाल्लं, भात कालवून खाल्ला. आप्पा माझ्या ताटाकडे बघत होते. वन्सं आप्पांकडे बघत होत्या. मग माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या हाताकडे, बांगडी कोपरापर्यंत वर चढवलेली होती तिकडे. मी बांगडी खाली ओढली.

वन्सं हळूच म्हणाल्या, "आप्पा, किती दिवस?"

"आषाढापासून," आप्पा म्हणाले. त्यांचं तोंड येऊन दहा-बाराच दिवस झालेत. पण वयाने त्यांचे दिवस मागे-पुढे होतात.

वन्संनी आपल्या पानातली अर्धी भाकरी तोडून माझ्या ताटात ठेवली. म्हणाल्या, "जेव." आवाज असा होता की मी नको म्हटलं नाही. मग आप्पा जेवायला लागले. सगळं जेवले. वाटी मागून घेतली.

जेवणं झाल्यावर मी खरकटं काढलं, हात पुसले. उशीर झाला की मावशी धक्क्यावरून उठते. मी म्हटलं, "वन्सं, काट्यावर जायचं ना? गाडी चुकेल." ठरलेलं ठरलेलं.

वन्सं भांडी घासत होत्या. माझ्या घरात त्यांनी कधी भांडी घासली नव्हती. मागे न बघता म्हणाल्या, "मला वजन कळलं."

"पण जोखलं नाही."

"कळलं म्हटलं ना."

मग त्यांनी हात पुसले, फोन काढला, काहीतरी दाबत राहिल्या. म्हणाल्या, "एक तिकीट रद्द झालं." आप्पांनी ऐकलं नसल्यासारखं केलं. निघताना पायरीवर मला म्हणाल्या, "दर रविवारी फोन करीन. आप्पा काय जेवले ते विचारणार नाही. तू काय जेवलीस ते सांगायचं, आणि खोटं बोललीस तर मला आप्पा सांगतील."

मी म्हटलं, "पण एक किलो तीनशे कमी होते, वन्सं."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ. "पोरी," एवढंच म्हणाल्या. त्या माझ्यापेक्षा वर्षभराने मोठ्या आहेत फक्त.

न जोखता त्यांनी कसं ठरवलं ते मला अजून समजलेलं नाही. मी आकडा लपवला नव्हता म्हणून असेल. किंवा त्यांच्याकडे जागा कमी असेल.

लोणी संपलंय. उद्या दाणे आणायचे आहेत. आप्पांना विचारलं, किती आणू? ते म्हणाले, "दोघांना पुरतील एवढे." मला काही फारसं आवडत नाही ते. पण आणीन, नाहीतर जेवायचे नाहीत.